कापसाखालची वायर

नयनचं एक वागणं मैनाबाईला अजिबात खपत नसे. बाई केस मोकळे सोडून ओसरीत तेल लावत बसली असली की वरून, छताजवळून आवाज येई, "आई, सकाळची गोळी घेतली का?" ना दार वाजवणं, ना आधी खाकरणं. सत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावरून असं बोलायला तो काय कलेक्टर लागून गेला होता? पुण्यात बसून त्याला इथली उलटी पडलेली चप्पल दिसे, दुधाकडे निघालेली मांजर दिसे. इथं यायची वाट तेवढी दिसत नसे. दोन वर्षांत घरी आला तो एकदा, तेही चुलतभावाच्या लग्नाला, आणि हळदीचा हात धुण्याआधीच निघायची घाई.

तरी बाई तोंडातल्या तोंडात बोलून गप्प बसे, कारण सौदाच तसा झाला होता. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून ती पडली आणि तासभर तशीच पडून राहिली. तांड्यावरची रुपीबाई कामाला आली, तेव्हा कुठं तिला उठवलं. मग नयन तिला पुण्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर तिनं दीड महिना काढला. दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. यंदा तुमच्याकडे बोंडं कशी आहेत, असं दीड महिन्यात तिला एका माणसानं विचारलं नाही. शेवटी पिशवी भरून ती दारात बसली आणि जेवायलाही उठेना. तेव्हा नयननं अट घातली. घरात तीन बोलते कॅमेरे लागतील. जोवर तू मला तिथं दिसतेस, तोवर राहा. दिसेनाशी झालीस की पुणं.

त्या कॅमेऱ्यांचं सगळं एका काळ्या डब्यात साठे. नयन त्याला सर्वर म्हणे, बाई डब्बा म्हणे. ओसरीत धूळ येते म्हणून तो माजघरात फळीवर ठेवला होता. नेटचं यंत्र होतं ओसरीत, टीव्हीपाशी. तिथून डब्यापर्यंत एक निळी वायर भिंतीच्या कडेनं, जमिनीवरून गेली होती. ही सगळी बांधणी नयननं माणूस पाठवून उन्हाळ्यात करून घेतलेली. उन्हाळ्यात माजघर रिकामं असतं, आणि कापूस घरी आल्यावर तो कुठं भरतात, हे पुण्यात राहून नयन विसरला होता. आता मार्गशीर्ष लागला होता. दुसरा वेचा झालेला, आणि माजघरात कमरेच्या वर कापूस.

शुक्रवारी सकाळी विजेची लाईन गेली, दहा मिनिटांत आली. त्यानंतर डब्बा काही पुण्याला दिसेना. नयनचा फोन आला.

"आई, सर्वरचं नेट गेलंय. बंद करून चालू कर बरं."

बाईनं फळीपर्यंत हात पुरवून बटण दाबलं, पुन्हा दाबलं. असं तीनदा झालं.

"नयन, मोटर बंदचालू करून फुटला पाइप जोडल्या जात नाही. काय झालं ते पाह्य ना पयले."

"पाहायला मला दिसतंय कुठे? त्या कापसाखाली वायर दबली असणार, नाहीतर उंदरानं कुरतडली. किती वेळा सांगितलं, तिथे कापूस नको भरत जाऊ."

"मंग कुठी भरू? तुह्या अकराव्या मजल्यावर?"

नयन हसला नाही. तो पुण्याची भाषा बोलायला लागला की चिडलाय, हे तिला ठाऊक होतं. "संध्याकाळपर्यंत चालू नाही झालं तर मी उद्या पहाटे गाडी काढतो. तुझे कपडे बांधून ठेव."

बाईनं फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. गुडघे सकाळपासूनच बोलत होते. बांधावेत कपडे, संपवावं एकदाचं, असंही क्षणभर वाटून गेलं. मग समोरच्या पाटीत राहिलेला कापूस दिसला, आणि ती भिंतीला धरून उठली.

तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला डब्यातलं कळत नव्हतं, पण शेतात ठिबकच्या नळ्या तिनं वर्षानुवर्षं तपासल्या होत्या. झाडाला पाणी नाही पोचलं की झाडापाशी रडत बसायचं नाही. विहिरीपासून निघायचं आणि एकेक जोड पाहत यायचं. तिनं बाभुळगावच्या केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडून नेट चालू आहे. तिनं ओसरीतल्या यंत्राच्या नेटवर चालणाऱ्या स्वतःच्या मोबाइलवर मालिका लावून पाहिली. सासूनं सुनेला घराबाहेर काढलं तिथपर्यंत नीट चालली. म्हणजे पाणी ओसरीपर्यंत आलं होतं.

तिनं परत नयनला लावला. "ओसरीपर्यंत नेट हाये. मी डब्बाच उचलून इकडे आणतो, टीव्हीपाशी लावून पाह्यतो."

"नको! हलवू नकोस, बिघडेल. आधी वायर बघ."

"अरे, पण वायरीवर चार क्विंटल कापूस हाये."

"मग काढ."

काढ म्हणाला. जसा काही तो कापूस म्हणजे टेबलावरचा कागद होता.

अकराच्या सुमाराला रुपीबाई आली. दोघींनी जुनी लुगडी पसरली, त्यांच्यात कापूस दाबून गाठोडी बांधली आणि एकेक ओढत ओसरीत आणली. कापसाची बारीक कूस नाकात गेली, शिंकांवर शिंका. मानेला, कोपराला खाज सुटली.

"याडी वं माय," रुपीबाई कंबर धरून म्हणाली, "भरताना गडी होते तीन. काढताना आपण दोघी म्हाताऱ्या. इतकी कोणती वायर हाय बाई, सोन्याची?"

"माह्या पोराची हाये. सोन्यापेक्षा महाग."

"मंग त्यालेच म्हणा ना, ये अन् काढ."

"त्याले सुट्टी नाई."

"अन् न्यायले सुट्टी हाय वाटते."

मैनाबाईनं गाठोड्याची गाठ इतकी करकचून आवळली की लुगडं फाटलं.

दुपारी तीनला शेवटचं गाठोडं निघालं. निळी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली. बाई जमिनीला हात टेकत खाली बसली आणि वायर बोटांतून सोडत पुढं सरकत गेली. कुठं दाब नाही, कुठं दाताची खूण नाही. फळीवर डब्याच्या पाठीमागं, वायर घुसते तिथं, हिरवा दिवा टकटक करत होता. ओसरीतल्या यंत्रावरही तसाच.

"वायर साबूत हाये," तिनं फोनवर सांगितलं. "दोन्हीकडे हिरवा दिवा हाये. पाणी डब्याच्या तोंडापर्यंत येऊन राह्यलं. जे काही झालं ते डब्याच्या पोटात झालं. अन् नयन, त्याच्या पोटात या घरातलं कोणी हात घालत नाही."

फोनवर बाजूनं सून अर्पिता बोलली, तिला फोन सुरू आहे हे बहुधा माहीत नसावं. "अहो, पण काल जेवणानंतर तुम्हीच लॅपटॉपवर काहीतरी करत होतात ना त्यात? दोन मिनिटांचं काम आहे म्हणालात."

"अर्पिता, ते वेगळं होतं..."

"काय होतं वेगळं?" मैनाबाईनं विचारलं.

नयन आवाज खाली आणून सांगू लागला. "सर्वरचा पत्ता पक्का करून ठेवत होतो. म्हणजे सारखा बदलू नये म्हणून. पण काल तर चालू होतं सगळं."

"काल लाईन गेली नोती."

नयनच्या हळूहळू लक्षात येत होतं. काल लिहिलेला नवा पत्ता डब्बा बंद होऊन चालू झाल्यावरच लागू होणार होता. सकाळी लाईन गेली, आली, आणि तो लागला.

आता तो भराभर सांगायला लागला. डब्बा टीव्हीपाशी आण, फळीवरची काळी वायर डब्यातून टीव्हीला लाव, बाजूचा कीबोर्ड डब्याला जोड. जो डब्बा सकाळी हलवला की बिघडणार होता, तो आता बाईनं काखेत मारून आणला, काही झालं नाही. टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजी अक्षरं तिला यायची नाहीत, पण आकडे यायचे. मोबाइलनं तेवढे शिकवले होते.

"एक नऊ दोन, टिंब, एक सहा आठ, टिंब, चार चार, टिंब, पाच शून्य," तिनं वाचलं.

"आता ओसरीतल्या यंत्राखाली चिठ्ठी आहे, ती वाच."

"एक नऊ दोन, एक सहा आठ, चार, एक." बाईनं चष्मा वर केला आणि पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. "नयन, हे सातबाऱ्यासारखं असते काय? तालुका, गाव, गट, हिस्सा?"

"हो, तसंच समज."

"मंग तालुका तोच, गाव तेच. यंत्र बसलं गट नंबर चारमधी, अन् डब्बा तू पाठवला चव्वेचाळीसमधी. एका गावात दोन टोकाले दोघं. कसे भेटतीन ते?"

नयनची पुण्याची भाषा एकदम गळून पडली. "आई, माह्याच हातून झालं ते. चार दोनदा दाबल्या गेला."

"दाबल्या गेला," बाई म्हणाली. इतकंच.

मग दीड तास गेला. रुपीबाई मोबाइल धरून उभी, त्यातून नयन पाहतोय, आणि मैनाबाई एका बोटानं बटणं दाबतेय. वरच्या ओळीतलं तिसरं. आता लांब पट्टी. नाही आई, ते नाही, खोड ते. खोडणारं बटण उजवीकडे. बाईचे डोळे पाणावले, मान आखडली. रुपीबाईचा हात भरून आला की मोबाइल खाली जाई, आणि नयनला टीव्हीच्या जागी रुपीबाईचे पाय दिसत. शेवटी पडद्यावरचा एक चार गेला. डब्बा बंद केला, निळी वायर ओढून परत त्यात खोचली, चालू केला. बाहेर ऊन उतरलं होतं.

दोन मिनिटांनी ओसरीच्या छताजवळून आवाज आला, "आई! दिसली तू!"

रुपीबाई दचकून भिंतीला टेकली.

"केसात केवढा कापूस हाये तुह्या," नयन हसत म्हणाला. खूप मोकळा वाटला आवाज. "बरं झालं, जमलं. मंग आता मी उद्या निघत नाही. कायले उगाच दोन दिवस जातात."

मैनाबाईनं केसातली कूस काढली नाही. ओसरीभर गाठोडी पडली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. ती त्यांतल्याच एका गाठोड्यावर टेकली आणि मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. रागावण्याइतकी ताकद आता तिच्यात उरली नव्हती. आवाज हळूच निघाला.

"नयन, ऐक. हा डब्बा माह्या हातून बंद पडला असता तं तू मले उद्या गाडीत घालून नेलं असतं. कपडेबी बांधायले लावले होते. आता तो पडला तुह्या हातून. मंग कायदा दोघाले एकच. उद्या पहाटे गाडी काढ. मले न्यायले नाही, हा कापूस आत भरायले ये. दोन दिवस राह्य. अन् आला की दारातून आवाज दे मले, वरून नाही."