पालकांनी मध्ये बोलू नये

फ्रिजच्या दारावर लावलेला तो कागद भिंगरीच्या आईच्या डोळ्यांत सलायचा. दूध काढायला जावं तर तो समोर, पाण्याची बाटली ठेवायला जावं तर तो समोर. वर ठळक अक्षरांत 'सातवी अ : कुटुंबांसाठी वर्गाचे नियम', खाली वर्गशिक्षकांची टोकदार सही आणि तिच्या शेजारी आईची स्वतःची. सही करताना तिने कागद वाचला नव्हता. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत ती कामावर होती, एका हातात माईक, दुसऱ्या हातात पेन, समोर प्रवाशांची झुंबड. लेकीने कागद पुढे केला आणि तिने खाली फराटा ओढून दिला. आता स्वतःवरच चरफडायची पाळी आली होती, आणि स्वतःवर चरफडणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती चरफडायची ती दुसऱ्यावर.

स्थानकावर गाड्यांची घोषणा करणं हे तिचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रद्द, कुठली उशिरा, हे ती न अडखळता, एका दमात सांगायची. आवाज इतका स्वच्छ की कित्येकांना वाटायचं, टेप लावून ठेवलीय. घरीसुद्धा तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. नवरा डेपोच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, दिवसभर इंजिनात डोकं घालून बसणारा, मुळात कमी बोलणारा. त्याच्या वाटचंही तीच बोलून टाकायची.

आणि अशा आईच्या पोटी भिंगरी. चालायला लागली तशी एका जागी ठरेना, म्हणून हे नाव पडलं. पायांना भिंगरी, पण जीभ मात्र अडायची. ब आला, प आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे. आईला ते बघवायचं नाही. मग ती पटकन ते वाक्य पुरं करून टाकायची. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर. "तिला बिस्किटं हवीत." "तिचं पोट दुखतंय." मुलीची सुटका केली, असंच तिला वाटायचं.

सातवीपर्यंत हे निभावलं. सातवीत हे सर आले. प्रश्न विचारायचा आणि टेबलावर बोटं वाजवायची, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या टकटकीला उत्तर आलं नाही की पुढचा विद्यार्थी. 'जग कुणासाठी थांबत नाही, वर्गही थांबणार नाही,' असं त्या कागदावर छापलेलंच होतं. भिंगरीला उत्तर यायचं. लेखी परीक्षेत तिचे गुण वर्गात पहिल्या चार-पाचांत. पण टकटक सुरू झाली की तिचे ओठ आणखीच घट्ट मिटायचे. तोंडी परीक्षेत तिला भोपळा मिळाला. तोंडीला नापास होणाऱ्याला सहामाहीनंतर ब तुकडीत पाठवायचं, हाही नियमच होता.

आईने चिठ्ठी पाठवली. मुलगी अडखळते, तिला थोडा वेळ द्यावा, एवढंच तिने नम्रपणे लिहिलं होतं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत आली. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याने आपली अडचण स्वतः, तोंडी सांगावी. कुटुंबाची चिठ्ठी स्वीकारली जात नाही.'

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिची जीभ अडते, तिनेच येऊन तोंडाने सांगायचं की माझी जीभ अडते! हा नियम लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का? तिने चिठ्ठी नवऱ्याच्या नाकासमोर नाचवली.

"बघा! बघा हे! ही शाळा आहे की थट्टा?"

नवरा हाताला लागलेलं ग्रीस साबणाने काढत होता. "सरांचं चुकलंच," तो म्हणाला. मग नळाखाली हात धरत म्हणाला, "पण तू तरी तिला बोलू देतेस कुठे?"

झालं. त्या संध्याकाळी घरातली भांडी जरा जोरातच आपटली गेली. मी नाही बोलले तर कोण बोलणार? तुम्ही? तुमच्या तोंडून तर वर्षाला चार वाक्यं निघतात! नवऱ्याने पुन्हा साबण हातात घेतला.

त्याच आठवड्यात भिंगरी रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहत होती. "आई, मला ब... मला ब..."

"माहीत आहे गं राणी," आई पोळी उलटत म्हणायची. "नाही जाणार तू ब तुकडीत. मी आहे ना! त्या सरांना बघतेच मी."

भिंगरी थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची.

पालकसभा शनिवारी होती. तिलाही नियम होताच. विद्यार्थ्याने बोलावं, पालकांनी ऐकावं, पालकांनी मध्ये बोलू नये. प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटं. आईने पाळी बदलून घेतली, इस्त्रीची साडी नेसली आणि सबंध वाटभर मनातल्या मनात सरांची हजेरी घेतली. भिंगरी शेजारी चालत होती.

वर्गाबाहेर खुर्च्यांची रांग होती. तिच्या मागचा नंबर असलेल्या चष्मेवाल्या बाई आपल्या मुलाकडून त्याचं भाषण घोकून घेत होत्या. 'मी गणितात अधिक लक्ष देईन' हे वाक्य तो पोपटासारखं म्हणत होता आणि प्रत्येक वेळी 'अधिक' खाऊन टाकत होता. आतून टण्ण असा आवाज आला, दार उघडलं, एक कुटुंब बाहेर पडलं.

सर तरुण होते, नीटनेटके. टेबलावर खडू रंगांप्रमाणे लावलेले, आणि हाताशी एक पितळी घंटी. वरचं बटण दाबलं की टण्ण वाजणारी.

"या. विद्यार्थिनी मधल्या खुर्चीत. पालक बाजूला," सर म्हणाले. "हं, बोल. तोंडी परीक्षेत काय झालं, आणि तुझं काय म्हणणं आहे?"

भिंगरीने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "सर, त... तोंडी परीक्षेत मला उत्तरं येत होती." हे चांगलं गेलं. आईने श्वास सोडला. "पण तुम्ही ट... टकटक केली की माझे शब्द अ... अडतात."

सरांनी काहीतरी टिपून घेतलं. "बरं. मग?"

"म्हणून मला ब..." ओठ मिटले. मान ताठ झाली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. "मला ब... ब..."

आईच्या जिभेवर ते वाक्य केव्हाचं तयार होऊन बसलं होतं. "तिला ब तुकडीत जायचं नाहीये, सर!"

सरांनी मान वर न करता पेनाने नियमांच्या कागदावरच्या एका ओळीवर टिचकी मारली. "पालकांनी मध्ये बोलू नये."

"अहो, पण..."

"बाई, प्लीज."

भिंगरीचा चेहरा लालबुंद झाला होता. मधे तोडलेलं वाक्य तिला तिथूनच पुढे नेता यायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून यावं लागायचं. "सर, म... म्हणून मला ब..." सरांची बोटं, कदाचित त्यांच्याही नकळत, टेबलावर वाजू लागली. टक, टक, टक. ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि घंटीवर हात मारला.

टण्ण.

"वेळ संपली. आपलं म्हणणं विद्यार्थिनी पूर्ण मांडू शकली नाही, असं मी नोंदवतो. त्यामुळे नियमानुसार..."

"काय नोंदवता?" आई उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकून बाकावर आदळली. "काय नोंदवता हो तुम्ही? ती बोलत होती! तुमच्या समोर बसून बोलत होती!"

"बाई, आवाज खाली ठेवा. बाहेर लोक ताटकळलेत. नियम सगळ्यांना सारखा आहे. मी कुणाच्या मुलाला झुकतं माप देत नाही, बड्या घरच्यांच्याही नाही."

"सारखा? चिठ्ठी पाठवली तर म्हणता, तिलाच बोलू दे. ती बोलायला लागली तर म्हणता, वेळ संपली. मग तिने करायचं काय? खुणा करायच्या? आमच्या स्टँडवर एखादी खटारा गाडी तासभर उशिरा आली ना, तरी माणसं थांबतात. शिव्या घालतात, पण थांबतात! आणि तुम्ही मास्तर असून एका पोरीच्या एका वाक्यासाठी थांबू शकत नाही? लाज कशी वाटत नाही?"

सरांचा चेहरा उतरला. हात मात्र सवयीने घंटीकडे गेला. त्याच्या आधी आईचा पंजा घंटीवर पडला. बटण दबलं आणि नुसतं 'ठक्' झालं.

तेवढ्यात दार ढकलून चष्मेवाल्या बाई आत डोकावल्या. "आमचा नंबर ना?"

आई वळली. आणि ज्या आवाजात ती रोज सबंध स्थानकाला ऐकू जाईल असं बोलायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "कृपया लक्ष द्या. आत एक वाक्य चालू आहे. ते पोचायला उशीर होतोय. पुढच्यांनी बाहेर बसून वाट पाहावी. गैरसोयीबद्दल आम्हाला अजिबात खेद नाही." आणि दार लावून घेतलं.

ती परत येऊन बसली. हात घंटीवर तसाच. राग उतरला नव्हता, पण लढाई जिंकल्यासारखंही वाटत होतं. "बोल भिंगरी," ती म्हणाली. "आता कुणी मधे बोलणार नाही. मीपण नाही."

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. पुन्हा पहिल्यापासून आली. "म्हणून मला ब..."

बाहेर कुणीतरी खोकलं. भिंगरीच्या गळ्याची शीर ताठ झाली, पापण्या थरथरल्या. आईच्या तोंडात ते चार शब्द वळवळत होते, बाहेर पडायला धडपडत होते. तिने जीभ दातांखाली धरली. सरांचं एक बोट टेबलावरून उचललं गेलं. आईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ते हवेतच राहिलं. इतका वेळ आपण लेकीच्या तोंडाकडे कधी पाहिलं होतं, हे आईला आठवेना.

"...ब तुकडीत जायचंय."

पुढचा शब्द येईल म्हणून आई थांबली. भिंगरीने ओठ पुसले. तिचं वाक्य संपलं होतं.

"काय?" हे आई म्हणाली की सर म्हणाले, कळलं नाही. बहुतेक दोघंही.

"तिथल्या ब... बाई आमच्या वर्गावर आल्या होत्या. सर रजेवर होते तेव्हा. त्या थांबतात." एवढं बोलून तिने दम घेतला. तिचा चेहरा पडेल, ती रडेल असं आईला वाटलं, पण ती चिडली होती. आईसारखीच, नाकपुड्या फुगवून चिडली होती. "मी घरी सांगत होते. रोज सांगत होते."

आईच्या हाताखालची घंटी घामाने ओली झाली होती. कानशिलात बसावी तसं झालं तिला. तिला सरांचा राग आला, त्या न पाहिलेल्या बाईंचा राग आला, त्या बाई पोरीला आपल्याआधी कळल्या म्हणून जास्तच आला. गॅरेजमधल्या त्या मुखदुर्बळ माणसाचाही आला, कारण तो खरं बोलला होता. आणि शेवटी स्वतःचा आला, आणि तो कुणावर काढावा ते तिला समजेना. या पोरीला अ तुकडीत ठेवण्यासाठी तिने इतके दिवस जिवाचं रान केलं होतं.

सरांनी घसा खाकरला. "तिकडे गेलीस तर या वर्षी परत येता येणार नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे." हे पटकन आलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात, आणि भिंगरीला टाळून, त्यांनी विचारलं, "बाई, पालक म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?"

"आता विचारताय?" आई कडाडली. "आता माझं म्हणणं हवंय? ती एवढी जीव काढून बोलली ते कुणाच्या कानात गेलं? द्या तो तुकडी बदलायचा कागद!"

या वेळी तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचायला लागेल तेवढा वेळ घेतला. मग पेन इतकं दाबून सही केली की निब कागदातून आरपार गेलं. घंटी तिने उचलून त्यांच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

बाहेर रांग खरोखरच ताटकळली होती. सगळ्यांचे कान टवकारलेले. चष्मेवाल्या बाई मुलाला पुढे ढकलता ढकलता थांबल्या. त्यांना राहवेना.

"काय झालं हो एवढं आत? काय ठरलं मुलीचं?"

सांगायला आईच्या तोंडात खूप होतं. पहिला शब्द तर ओठांवर आलाच होता. तिने तो गिळला. कडू लागला.

"तिला विचारा," ती म्हणाली. "पण विचारलंत, तर ऐकून मगच आत जायचं."

बाईंनी गोंधळून भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने ओठ मिटले, मान ताठ केली, आणि पहिला ब सुरू केला. आई दारात आडवी उभी राहिली.