पिवळ्या मखमलीच्या पायऱ्या

लेकीच्या पायाचं प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरही खूश झाले. भीती तेवढी निघेना. जिन्यावरूनच पडली होती ना ती! आता पायरी दिसली की पाच वर्षांची ती चिमणी बापाच्या गळ्याला अशी मिठी मारायची, की त्याचाच श्वास कोंडायचा. घरात तिचा भरवसा एकाच गोष्टीवर उरला होता, पिवळ्या मखमलीच्या जुन्या खुर्चीवर. प्लास्टरचे सगळे दिवस तिने तिथेच काढले होते.

बाप सोफे बनवणारा. त्याने उरल्यासुरल्या फोमचे वीतभर लांब, रुंद आणि उंच असे बारा ठोकळे कापले. ते जोडून एक, दोन आणि तीन ठोकळे उंचीच्या तीन पायऱ्या करायच्या, रुंदी दोन ठोकळ्यांची, आणि वर तीच पिवळी मखमल चढवायची. ओळखीचं कापड दिसलं की पोरगी पाऊल टाकेल, असा त्याचा होरा.

मग गडी हिशेबाला बसला. एका ठोकळ्याला सहा बाजू, बाराच्या बहात्तर. दुकानातल्या मखमलीतून तुकडे निघत होते जेमतेम एकतीस. तशी मखमल आता बाजारात शोधूनही मिळत नव्हती. म्हणजे उरलेल्यासाठी खुर्चीच उसवायची! लेकीचा एकुलता एक आधार मोडायचा, तोही तिला धीर यावा म्हणून. कात्री घेऊन तो खुर्चीपुढे बसला खरा, पण हात पुढे होईना.

"हे काय करताय?" बायको दारातूनच ओरडली.

"कापड पुरत नाही. बहात्तर बाजू आहेत."

"ठोकळे एकमेकांना चिकटवल्यावरसुद्धा बहात्तर?"

"अगं, आपल्या धंद्यात प्रत्येक गादी वेगळी शिवतात. चारी बाजूंनी, वरून, खालून."

"गिऱ्हाइकाच्या गाद्या त्या! काढून धुवायच्या असतात. ह्या पायऱ्या कोण सुट्या करून धुणार आहे? आणि चिकटलेल्या बाजू बघायला आत कोण शिरणार, तुम्ही?"

त्याने डोक्याला हात लावला. इतकी वर्षं गाद्या शिवून अक्कलही गादीच्या मापाची झाली होती. त्याने ठोकळे रचले आणि खडूने खुणा करत भोवती फिरला. वरून दिसणाऱ्या बाजू सहा. समोरून सहा, मागूनही सहा. डावीकडून सहा, उजवीकडून सहा. झाल्या तीस. तळाच्या सहा जमिनीवर टेकलेल्या, त्यांना गोणपाट चालेल. बाकीच्या छत्तीस बाजू एकमेकींना चिकटून आत गडप!

"तीसच लागतात गं! एक तुकडा उरतोय!" त्याचा जीव भांड्यात पडला. कात्री त्याने आधी खुर्चीपासून लांब ठेवली.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या तयार झाल्या. लेकीने लांबूनच पाहिलं. मग जवळ येऊन मखमलीवर तळवा फिरवला, गाल टेकवला. उरलेला तुकडा तिच्या मुठीत होता. बाप हात पुढे करून उभा, बायकोने पदर तोंडाला लावलेला. एक पाऊल पडलं. दुसरं पडायला फार वेळ लागला. तिसऱ्या पायरीवर ती धपकन बसली आणि खिदळली. बापाच्या डोळ्यांना धार लागली.

"बाबा, रडू नकोस," ती वरून म्हणाली, "दमला असशील तर माझ्या खुर्चीत बस. मला आता नको ती."

आणि ती उठून खाली उतरू लागली, बापाचा हात न धरता.