भुशाला मारलेली हाक

पाचर ही आमची जुनी कुत्री. उंबऱ्यात अशी अडकून बसायची की येणाऱ्याला तिला ओलांडूनच यावं लागे. सुताराला दुसरं कोणतं नाव सुचणार? बायको होती तोवर घरात माझ्या वाटचंही तीच बोलायची. ती गेली आणि त्याच वर्षी पाचरीचे कान गेले. मग तिला बोलवायचं तर मी लाकडी जमिनीवर टाच आपटायचो. हादरा पोटाला लागला की ती उठायची. तळवा खाली केला की बसायची.

पाचर आता थकली, सोबत हवी, असं म्हणून मुलीने पिल्लू आणून दिलं. रंग ताज्या भुशासारखा. मला एकच पद्धत ठाऊक, त्यालाही तसंच शिकवलं. टाच आपटली की पाचर उठे, तिच्यामागे ते धावे. पंधरा दिवसांत बाहेर जाऊन शू करायलाही शिकलं. बूट मात्र एकही सोडला नाही.

महिन्याने मुलगी आली. चार-पाच हाका मारल्या तरी पिल्लाने बुटातून डोकं काढलं नाही.

"बाबा, हेही बहिरंच निघालं."

समोर रहदारीचा रस्ता. हॉर्न ऐकू न येणारं पिल्लू इथे नको, मैत्रिणीच्या कुंपणाच्या आवारात नेऊन ठेवते, असं तिने ठरवूनच टाकलं. फक्त त्याआधी डॉक्टरबाईंना दाखवायचं होतं. मी पिल्लाला टोपलीत घातलं. येताना टोपली रिकामी असणार, एवढंच डोक्यात.

डॉक्टरबाईंनी पिल्लाच्या पाठीमागे हळूच कागद चुरगाळला. त्याने गर्रकन मान वळवली. दुसऱ्या बाजूने चुरगाळला, तिकडेही वळवली.

"कान उत्तम आहेत. आजोबा, घरात याच्याशी कोण बोलतं?"

"कुत्री बहिरी आहे," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

मुलगी पिशवीची चेन उघडझाप करत राहिली. बाईंनी कार्डावर लिहायला पिल्लाचं नाव विचारलं. नाव होतं. पहिल्या दिवशीच मनात ठेवलं होतं, तोंडातून कधी काढलं नव्हतं.

"भुसा."

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मैत्रिणीचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. पाचर उंबऱ्यात झोपलेली, भुसा खोलीच्या त्या टोकाला. सवयीने टाच उचलली, ती तशीच धरली.

"भुसा, ये."

तो टाचेकडे बघत राहिला. पुन्हा म्हणालो. पुढे काय बोलावं सुचेना, तेव्हा त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीची गोष्ट सांगायला लागलो. लाकूड कुठलं, कोणाच्या गुडघ्याचं माप घेऊन पाय बुटके ठेवले, आता तिच्यावर कोणी का बसत नाही. घसा सुकला तेव्हा थांबलो. भुसा जागचा हलला नव्हता. पण त्याची नजर टाचेवरून निघून माझ्या तोंडावर आली होती.