कोहळ्याला घातलेला गॉगल

खंडेनवमीची सकाळ. चिक्कडपल्लीच्या त्या लहानशा घरात सत्यवतीकाकू पूजेसाठी हत्यारं पुसत होत्या. विळी, अडकित्ता, यजमानांचे नट आवळायचे पाने आणि कानशी. हात चालत होता, तशी ओवीही चालत होती :

नवमीच्या दिशी बाई, फूल विळीच्या पात्याला
हळदीकुंकवाचं बोट, माझ्या दळत्या जात्याला

जिन्यावर बसलेली रसिका ऐकत होती आणि ऐकत नव्हतीही. पुण्याची ही मुलगी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची. तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती. बारा दिवसांपूर्वी तिच्या बंदुकीतून सुटलेली गोळी तिच्याच कंपनीतल्या कौस्तुभच्या उजव्या डोळ्याला लागली, तेव्हापासून असंच चाललं होतं. जेवायची, ऑफिसला जायची, झोपायची. रडू येत नव्हतं. आपल्या आतलं कुणीतरी दिवा मालवून निघून गेलंय, एवढंच वाटायचं.

बंदूक खरी नव्हती. एअरसॉफ्टची, प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांची. परदेशी मालाला दारं उघडली, नव्या कंपन्या आल्या, तसे त्यांचे खेळही आले. शहराबाहेरच्या माळावर दोन तुकड्या करायच्या आणि एकमेकांवर नेम धरायचा. बंदुका कंपनीनं मागवल्या. गॉगल रसिकानं बेगम बाजारातून निवडून आणले : काळे, चकचकीत, फोटोत झकास दिसतील असे.

फोन वाजला. तिचा साहेब, सुधीर.

"रसिका, शनिवारी दुसऱ्या तुकडीचा खेळ. गॉगल-बंदुकांचं खोकं काल तूच घरी नेलंस ना? घेऊन ये."

"तेच गॉगल?"

"मग? अगं, कौस्तुभचं वाईट झालं, पण गॉगल त्यानंच वर केला ना? या वेळी बजावू सगळ्यांना, हात लावायचा नाही म्हणून."

"हो सर." शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले.

काकूंचे यजमान अंबाजीकाका ऐकत होते. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस. पाटावर कानशीशेजारी त्यांनी एक जुना चष्मा ठेवला आणि पहिलं फूल त्यालाच वाहिलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर तड्यांचं जाळं होतं.

"काका, फुटका चष्मा पूजेत?"

"हौ तर! लोखंडाचा कीस उडाला, तो हितं थडकला. डोळा वाचला. त्या दिसापासून हा लावला नाही. मार खाल्लेली काच दुसरा मार झेलत नसते. तुमच्या हापिसात झाली का पूजा?"

"काल झाली. कॉम्प्युटरला हार घातले. बंदुकांनाही."

"आन् गॉगलला?"

रसिकानं नकारार्थी मान हलवली.

"त्या पोरानं गॉगल वर कायला केला?"

"वाफ धरली होती. माझ्याही गॉगलवर धरली होती."

"मंग चूक त्याची कशी? दिसेना झालं की माणूस काच पुसणारच की!"

"अहो, सणाच्या दिशी पोरीला कायला टोचता?" काकू म्हणाल्या.

"टोचत नाही. शनिवारी अजून लेकरं जायची हायेत. जा माय, एक गॉगल आण. बंदूकबी."

पूजेनंतर फोडायला आणलेला कोहळा काकांनी अंगणातल्या कट्ट्यावर, भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावर गॉगल चढवला.

"अगं बाई, हा तर आमच्या जावयासारखा दिसायला लागला!" काकू हसल्या. रसिका हसली नाही.

काकांनी घरातले दोन धड चष्मे काढले, कारखान्याचे, दोन्ही बाजूंनी बंद. एक तिला दिला, एक स्वतः लावला. काकूंना आत धाडून दार लावून घेतलं. "गोळी भिंतीवरून उलटी येते. चल, दहा पावलं मागं जा. मार."

बोट खटक्यावर गेलं आणि थांबलं. तेच बोट होतं.

"काका, हात कापतोय."

"कापू दे. बारा दिस झाले, काहीतरी कापलं."

खट्ट!

दोघं जवळ गेले. गॉगलची काच फुटली होती! तिचा एक टोकदार तुकडा कोहळ्याच्या सालीत रुतला होता आणि तिथून पाणी झिरपत होतं.

"म्हणजे... त्यानं गॉगल वर केला नसता, तरी?"

काकांनी सालीत रुतलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. रसिका तिथंच कट्ट्यावर बसली आणि बारा दिवसांचं रडू एकदम फुटलं. काकू दार उघडून आल्या, तिचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "बाजारात कायबी येऊ दे, आपण हात लावून बघायचं. मार झेलतो म्हणून छाप हाय का? कडेला फट राहते का? वाफ धरते का? पट्टा सैल पडतो का? कसा दिसतो, ते मागून."

रसिकानं सुधीरला फोन लावला. "सर, ते गॉगल मी निवडले होते, दिसायला चांगले म्हणून. मी ते कुणाला देणार नाही."

"अगं, खेळ रद्द करायचा का मग?"

"पुढे ढकला. आज आपल्याच बंदुकीनं एक गॉगल फुटला. कोहळ्यावर होता म्हणून बरं."

काच खरंच फुटली का, हे सुधीरनं दोनदा विचारून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ढकलतो."

संध्याकाळी ती दिलसुखनगरला कौस्तुभच्या घरी गेली. डोळ्यावर पट्टी होती. दिसेल, पण धूसर. किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"गॉगल मी आणले होते, कौस्तुभ. वाफ धरतेय हे मलाही कळलं होतं. तरी खेळ थांबवला नाही."

तो उशीला टेकून उठून बसला. "सगळे फोनवर एकच विचारतात, वर कशाला केलास? मीही स्वतःला तेच विचारायला लागलो होतो. बरं झालं आलीस."

डोळा काही त्या बोलण्यानं बरा झाला नाही. पण महिन्याभरानं खेळ झाला, तेव्हा नव्या गॉगलांपैकी एक आधी कोहळ्यावर चढवून बघितला गेला. त्यानं मार झेलला, आणि मग त्याला फूल वाहून कायमचा बाजूला ठेवला. वाफ धरली तर हात वर करायचा आणि खेळ तिथंच थांबवायचा. सगळ्या बंदुका रिकाम्या होऊन शेवटची शिट्टी होईतो गॉगल काढायचा नाही, असं ठरलं. शिट्टी माळाभोवतीच्या जाळीबाहेर बसलेल्या कौस्तुभच्या हातात होती. त्याच्याही डोळ्यांवर गॉगल होता, आणि त्याचा पट्टा रसिकानं दोनदा ओढून पाहिला.

वाचकहो, ज्याला लागलं त्यालाच दोष देऊन आपण किती सहज मोकळे होतो! नवे खेळ येतील, खुशाल खेळा. पण डोळ्यावर जे चढवायचं, ते आधी पारखून घ्या. आणि चूक झाली असेल, तर दुसऱ्याचा डोळा जाण्याआधी ती आपल्या तोंडानं कबूल करा.