डाव्या पंखावरचे दात

मित्रांनो, मी एक जुनं, रिमोटवर उडणारं विमान आहे आणि माझ्या डाव्या पंखावर एका माणसाचे दात उमटलेले आहेत. हसू नका. कुत्रा चावलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. माणूस चावलेलं विमान पाहिलंय का कधी?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, साच्यात झाला. थर्माकोलचा एक चिवट चुलतभाऊ असतो, फोम म्हणतात त्याला. त्याचा मी बनलो. इतका हलका होतो की खोक्यात घालताना कामगाराला शिंक आली आणि मी दोन टेबलं ओलांडून गेलो. खरं म्हणजे एकच टेबल होतं. पण जुन्या विमानाला एवढी सूट द्यायला हवी.

माझे पंख रुंद आणि पाठीवर बसवलेले. पंखा मागच्या बाजूला, त्यामुळे समोरचं दिसायला अडथळा नाही. नाकाशी वाटाण्याएवढा कॅमेरा. उडवणारा डोळ्यांवर एक बंद चष्मा चढवतो आणि माझ्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्याला दिसतं. म्हणजे माणूस बसतो बांधावर आणि त्याचे डोळे फिरतात आभाळात.

वाशिमच्या एका दुकानात मी बरेच दिवस फळीवर धूळ खात होतो. शेजारी एक लालभडक जेट विमान होतं. येणारा प्रत्येक जण त्याला हातात घ्यायचा. माझ्याकडे बघून एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "हा काय पाव ठेवला का हो?" ते बोलणं मला फार लागलं.

मग एक दिवस शिरपूर जैनहून फरहीन आली. अकरावीत शिकणारी मुलगी. सोबत कॉलेजात जाणारा भाऊ परवेज आणि तिचे अब्बा, रऊफभाई. रिसोडच्या बाजारात त्यांची सोयाबीनची अडत.

"फरहीन, हे पाय!" परवेजने जेट उचललं. "गोळी हाय, गोळी!"

"भाई, गोळीत बसून काय दिसते? मले वरतून पाहाचं हाय. आन् पहिलंच विमान हाय, मी पाडणारच."

"पाडाचंच हाय तं मंग घेते कायले?"

"तू सायकल शिकला तवा नालीत नोता गेला का?"

"झगडू नका," रऊफभाई म्हणाले. "मी पारखतो."

आता रऊफभाईंची पारख ऐका. अडतीत सोयाबीन आलं की ते एक दाणा दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओला. मशीन काहीही सांगो, शेतकरी आधी रऊफभाईंच्या तोंडाकडे बघतात. अशी वर्षानुवर्षांची सवय! त्यांनी जेटचा पंख तोंडात धरला. कट्ट! मग माझा डावा पंख धरला. मी आपला मऊमऊ दबलो.

"जेट घे," जबडा चोळत रऊफभाई म्हणाले. "माल वाळेल हाय. हे पांढरं ओलं हाय."

फरहीन पोट धरून हसली. "अब्बा, आपण सोयाबीन घेऊन राह्यलो का? जे दाताखाली कट्ट वाजते, थे जमिनीवर पडल्यावरबी कट्टच वाजते. जे दबते, थे वाचते."

रऊफभाई विचारात पडले. तेवढ्यात दुकानदार नम्रपणे म्हणाला, "साहेब, विचार करा, पण पांढऱ्यावर तुमचे दात उमटले. आता तो माल तुमचाच."

अशी माझी निवड झाली. निघताना रऊफभाईंनी बजावलं, "एकच घेऊन देतो, पोरी. मोडलं तं मोडलं. दुसरं मांगाचं नाई." फरहीनने मान हलवली आणि मला छातीशी धरलं.

मग सुरू झाले पडण्याचे दिवस. गावाबाहेरच्या शेतात सोयाबीन काढून झालेलं होतं आणि मळणीनंतरच्या कुटाराचे ढीग लागले होते. मी त्यांपैकी प्रत्येक ढिगात नाक खुपसून पाहिलं. फरहीन आधी नुसत्या डोळ्यांनी बघून उडवायला शिकली. हात बसल्यावरच तिने चष्मा चढवला. चष्मा लावला की शेजारी एक उघड्या डोळ्यांचा माणूस लागतोच, कारण उडवणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. ते काम परवेजकडे आलं. तोंड वाकडं करून का होईना, तो करायचा.

त्या दिवसांत एक घार माझ्या मागे लागली. तिला माझ्याशी लग्न करायचं होतं, असं माझं ठाम मत आहे. परवेज म्हणतो ती चोच मारायला आली होती. त्याला काय कळतं त्यातलं!

एका दुपारी भुरीबाई धापा टाकत बांधावर आल्या. शेजारच्या तांड्यावरच्या या बाई आपला माल रऊफभाईंच्याच अडतीत आणायच्या. त्यांची कजरी नावाची म्हैस सकाळपासून हरवली होती. दिवस भरलेली होती. अशी म्हैस कळा लागल्या की एकांत शोधते, आणि कजरी दाव्यासकट तुरीत घुसली होती. तूर माणसापेक्षा उंच. आत शिरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

"घरचं समदं दूध तिच्याच जिवावर हाय वो," भुरीबाई म्हणाल्या. "त्या आंगाले कुत्र्यांची टोळी फिरून राह्यली. व्याली असंल तं पिल्लू नाई ठेवत थे. फरहीन माय, तुह्या इमानातून पाय ना!"

फरहीनने मला लगेच हातातून सोडलं. मी तुरीवर चढलो आणि खाली पाहिलं. आता पंचाईत अशी, की वरून काळं म्हणून खूप काही दिसतं. दगड काळे, सावल्या काळ्या, नाल्यात बसलेल्या दुसऱ्यांच्या म्हशीही काळ्याच.

"काकी, यातली कजरी कोणती, मले काय माईत?" फरहीन म्हणाली. मग तिने चष्मा काढला आणि भुरीबाईंच्या डोळ्यांवर चढवला. "तुमी पाहा. मी खालून पाहून उडवते. भाई, काकीले धर!"

जेट असतं तर हे जमलं नसतं, मित्रांनो. ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत मालेगावला पोचलं असतं. मी मात्र हळू, दमानं, गायी वळवून आणाव्या तसा गोल गोल फिरत राहिलो.

"अवं माय! पडलो, पडलो!" भुरीबाई डावीकडे कलल्या. परवेजने त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

"काकी, तुमी जमिनीवरच हाय!"

"मंग जमीन काहून फिरून राह्यली? थांब... थे धोंडा हाय. थे रामसिंगची म्हैस, लय मारकी हाय. थे बी नाई... थांब! थांबव त्याले! मुडक्या शिंगाची! माही कजरी! आन् बाजूले... अवं, व्याली वो! कजरेऽऽ!"

त्यांनी अशी हाक मारली की बांधावरचे बगळे उडाले. कजरीने मान वर केली. ती माझ्या पंख्याच्या आवाजाने केली असेल. पण भुरीबाईंना हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

"कुत्रे!" भुरीबाई एकदम ओरडल्या. "तिकडूनच येऊन राह्यले!"

फरहीनच्या हातातल्या रिमोटने टूं टूं केलं. माझी बॅटरी संपत आली होती. आता परत फिरलं तर मी सुखरूप घरी. पण नुसतं "तुरीत कुठंतरी" एवढ्यावर माणसं कजरीपर्यंत पोचणार कशी? आणि तोवर कुत्री थांबणार थोडीच!

"फरहीन," परवेज हळूच म्हणाला, "मोडलं तं अब्बा दुसरं नाई देणार."

"माईत हाय मले. तू पळाची तयारी कर. जिथं इमान पडन, तिथं म्हैस."

भुरीबाई चष्म्यातून दिशा सांगत गेल्या आणि तिने माझं नाक खाली केलं. मी पंखा घुमवत कुत्र्यांच्या डोक्यांवरून असा गेलो की ती पार किन्हीराजा गावापर्यंत पळाली. बरं, नाल्यापर्यंत. नंतर तुरीच्या शेंड्यांनी माझा उजवा पंख धरला आणि मी एका पळसाच्या झाडाशेजारी, कजरीपासून हातभर अंतरावर, उलटा पडलो. वरती निळं आभाळ, आणि शेजारी एक ओलं, लटपटणारं पिल्लू माझं शेपूट हुंगत होतं.

पळसाच्या खुणेवर परवेज पळत आला, मागोमाग भुरीबाई. वगार, म्हणजे कजरीची ती नवी पारडी, सुखरूप होती.

माझा उजवा पंख मधून दुमडला होता. संध्याकाळी रऊफभाईंनी मला हातात घेतलं. फरहीन जमिनीकडे बघत उभी. त्यांनी पंख दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. "तुटला नाई," ते म्हणाले. "दबला. जोडला जाते हा. पोरी, त्या दिवशी माह्या दातानं गफलत केली." मग स्वतःच चिकटपट्टी आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी भुरीबाईंनी चीक आणला आणि आभार म्हणून थोडा माझ्या नाकालाही लावला. मला मुंग्या लागल्या. सत्काराचा त्रास असा असतो.

पुढे फरहीन शिकायला अकोल्याला गेली. परवेजने अखेर जेट घेतलं. ते फार सुंदर उडालं, एकदाच, बाभळीपर्यंत. मी अडतीतल्या एका खिळ्यावर लटकत राहिलो. ऊन एका पंखावर यायचं, तो वाकू लागला. वाटलं, आता एखाद्या दिवशी केरात.

परवा भुरीबाईंची नात रीता आली. त्या वगारीचं दूध पिऊन वाढलेली, नववीतली. तिला विमान उडवायला शिकायचं होतं.

"नवं घेऊन देतो तुले," रऊफभाई म्हणाले. "त्या वगारीपाई तुही आजी सोयाबीन दुसरीकडं घालत नाई."

"नवं नोको, काका. नवं कसं पडते, मले काय माईत? हे पडून पडून शिकेल हाय."

मित्रांनो, तुम्हीही पहिलं विमान घ्याल तेव्हा सर्वांत वेगवान शोधू नका. चुकलात तरी तुम्हाला समजून घेईल असं शोधा. बॅटरी पुरती संपायच्या आत त्याला घरी आणा. उन्हात टाकू नका, पंख वाकतात. आणि ते जुनं झालं तर फेकू नका. कोणाचं तरी ते पहिलं विमान व्हायचं असतं.

रीताने मला खिळ्यावरून काढलं, डाव्या पंखावरचे दात पाहिले, रऊफभाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता माझा उजवा पंख कचकन चावला.

रऊफभाईंचे दात लागले तेव्हापासून मी उडताना जरासा डावीकडे कलायचो. आता अगदी सरळ उडतो. शपथेवर सांगतो.