सोंग घेतलेला राउटर

हिरवा दिवा लागला आणि भिंगरीने केव्हापासून अडवून धरलेला श्वास सोडला. राउटर मेला नव्हता. कंपनीने आत भरलेलं सॉफ्टवेअर पुसून तिने तिथे दुसरं, लोकांनी मिळून फुकट बनवलेलं फर्मवेअर घातलं होतं. ते घालताना मध्येच वीज गेली तर राउटरचा दगड होतो, असं तिने दहा ठिकाणी वाचलं होतं. दगड झाला नाही. उलट वायफाय आता मागच्या खोलीपर्यंत ठणठणीत पोचत होतं.

फक्त त्या वायफायमध्ये इंटरनेट नव्हतं.

"झालं का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतंय."

"सकाळी दहालाही होतंयच होतं. आता सव्वातीन झाले."

चार वाजता बाबांचा तास होता. घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, तेव्हापासून बाबांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. आवाज परत आणायला शिकवणाऱ्या मॅडम दुसऱ्या शहरात, त्या आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटणार होत्या. त्यांच्याकडे रांग एवढी, की लागोपाठ दोन तास बुडाले तर नाव थेट यादीच्या तळाला. म्हणजे आणखी तीन महिने मुकं राहा. पहिला तास गेल्या आठवड्यात बुडाला होता, कारण मागच्या खोलीत वायफाय धापा टाकत होतं. म्हणून तर भिंगरीने हा उद्योग केला. मोबाइलच्या नेटवर चित्र अडकायचं, आणि मॅडमना ओठ न् गळा हलताना नीट दिसायला हवा होता.

आई हात पुसत बाहेर आली. "आजचाच मुहूर्त सापडला तुला? शाळा सोडताना काय म्हणालीस, मी मशीनं शिकेन. शिकलीस?"

"आई, डोकं खाऊ नकोस!"

"असतं तर खाल्लं असतं."

खुर्चीतल्या बाबांनी पाटी वर धरली. बाबा जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडत फिरलेले. अक्षर अजून तसंच, तारेला बांधायच्या चिठ्ठीवर मावेल असं. 'भांडण नंतर. तार बघ.'

तार तिने चार वेळा बघितली होती. भिंतीतून मोडेममध्ये, मोडेममधून राउटरमध्ये. सगळं घट्ट. तरी राउटरच्या सेटिंगच्या पानावर आपलं एकच, 'पत्ता मिळाला नाही', म्हणजे नेटवाल्यांकडून राउटरला मिळतो तो इंटरनेटचा पत्ता. शेवटी तिने नेटवाल्यांच्या ऑफिसला फोन लावला.

"तुमच्या लाइनवर अनोळखी मशीन लागलंय," पलीकडचा माणूस जांभई गिळत म्हणाला. "सिस्टम ते घेत नाही."

"अनोळखी काय? सहा वर्षं हाच राउटर आहे!"

"ताई, प्रत्येक मशीनचा एक कायमचा नंबर असतो, बारा अक्षरांचा..."

"माहितीये मला! मॅक नंबर. खाली चिठ्ठीवर छापलाय. शेवटी सी-दोन."

"आमच्याकडे शेवटी सात-एफ आहे."

"मग तुम्ही चुकीचा लिहिलाय!"

"बदलायचा तर अर्ज करा. दोन दिवस लागतील. आणि पूर्ण नंबर मला सांगता येत नाही, नियम आहे."

भिंगरीने फोन गादीवर आपटला. राउटर खिडकीतून भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. तिने तो उचललाही.

टक टक टक. बाबा खडूने पाटी वाजवत होते. 'सात-एफ माझ्या कॉम्प्युटरचा.'

"कुठल्या कॉम्प्युटरचा?"

बाबा लिहीत गेले, पुसत गेले, आई मोठ्याने वाचत गेली. सहा वर्षांपूर्वी नेटची तार थेट बाबांच्या कॉम्प्युटरला लागली होती, आणि ऑफिसने त्याचाच नंबर टिपून घेतला होता. पुढच्याच महिन्यात राउटर आणला. नंबर बदलायला तेव्हाही अर्ज आणि दोन दिवस. बाबा कुठले थांबतायत! त्यांनी राउटरच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा नंबर टाकून दिला. सहा वर्षं राउटर कॉम्प्युटरचं सोंग घेऊन बसला होता, आणि ऑफिसला त्याचा गंधही नव्हता. आज सकाळी भिंगरीने जुनं सगळं पुसलं, त्यात सोंगही पुसलं गेलं.

"बाबा! हे सकाळी सांगायचं ना!"

'विचारलंस?'

"बापाचीच लेक," आई म्हणाली. "दोन दिवस धीर धरणं दोघांनाही माहीत नाही."

"तो कॉम्प्युटर कुठाय?"

"कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला देऊन वर्ष झालं की."

भिंगरीने एक चप्पल स्वतःची घातली, एक आईची, आणि सुटली.

झेरॉक्सच्या दुकानात पाच माणसं उभी. काका त्याच पिवळट पडलेल्या कॉम्प्युटरवरून कुणाची तरी पानं काढत होते. "थांब गं, रांग आहे."

"काका, बाबांचा आवाज अडकलाय या कॉम्प्युटरमध्ये!"

पाचही माणसांनी वळून पाहिलं. काका स्टुलावरून उठले. भिंगरीने उभ्याउभ्याच खटाखट टाइप केलं, काळ्या खिडकीत अक्षरं उमटली. शेवटी सात-एफ. तिने सगळा नंबर तळहातावर उतरवून घेतला.

"बाबांना सांग, मशीन अजून झकास चालतंय," काका मागून ओरडले. तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती.

घरी आल्या आल्या तिने नंबर टाकला. दोनदा ताडून पाहिला. सेव्ह केलं.

पत्ता मिळाला नाही.

"आता काय रे तुझं!" ती राउटरवर खेकसली.

बाबांनी पाटी पुढे केली. 'मोडेम बंद कर. पाच मिनिटं. त्याला सकाळपासूनचा नंबर आठवतोय. विसरू दे.'

तिने प्लग उपसला. पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसणं म्हणजे भिंगरीला फाशीच. दोनदा तिचा हात प्लगकडे गेला, दोनदा आईने तो बाजूला केला. मग आईने तो सोडलाच नाही, तळहातावरचा नंबर घामाने पुसला जाऊ नये तशी अलगद धरून बसली. चारला सहा मिनिटं कमी असताना बाबांनी मान हलवली.

प्लग लावला. पहिला दिवा. दुसरा. तिसरा लुकलुकला, लुकलुकला... आणि स्थिर झाला.

"आलं! आई, आलं! पत्ता मिळाला!"

भिंगरी भिंतीला टेकून खाली बसली आणि खुळ्यासारखी हसत सुटली. आईने पाठीत एक धपाटा घातला, पण हात उचलून घेतला नाही, तिथेच फिरवत राहिली. "जीव गेला होता गं माझा," ती म्हणाली. बाबांनी पाटी पालथी ठेवली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि मागच्या खोलीत गेले.

बरोब्बर चारला मॅडम पडद्यावर आल्या. चित्र आरशासारखं. "ओठ मिटा. श्वास घ्या. आता आवाज नाकातून येऊ द्या. घाई नको."

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही. भिंगरी दाराबाहेर नखं खात उभी. तिसऱ्यांदा गंजलेलं झाकण फिरावं तसा आवाज आला.

"हं."

"काय हो?" आईने स्वयंपाकघरातून सवयीने विचारलं.

मग भांड्यांचा आवाज थांबला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि आई जे काही सांगेल त्याला बाबांचं उत्तर हेच असायचं. दुधापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्याला एकच हं. त्यावरून आई किती वेळा कडाकडा भांडली होती. आता ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

"हं."

"ऐकलं हो, ऐकलं," आई म्हणाली आणि कोपराने डोळे पुसले. "आणखी म्हणा."