ढोलीतला पक्षी

झाडवाल्या सरांनी उभ्या आयुष्यात माणसाचं चित्र काढलं नाही. माणूस काढायचा झाला की ते झाड काढायचे. मुख्याध्यापिकाबाई म्हणजे कातरून कातरून चौकोनी केलेलं मेंदीचं कुंपण. स्वतःची बायको म्हणजे वाऱ्याने वाकलेलं पण न मोडलेलं झाड. बायको ते चित्र आल्यागेल्याला दाखवून सांगायची, "ही मी. कंबरदुखीसकट."

वर्गातही तेच. दरवर्षी आठवीच्या मुलांना ते आपलं घर झाडासारखं काढायला लावायचे. म्हातारी माणसं मुळांत, दूर गेलेला भाऊ तुटक्या फांदीत, घरात दडवलेलं काही असलं तर ते ढोलीत. तोंडाने माणूस खोटं बोलतो, हाताला ते जमत नाही, असं ते मोठ्या अभिमानाने म्हणायचे.

त्या वर्षी गिरणीचा संप मोडला आणि पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. जे सापडले ते परत आले नाहीत. बाकीचे कुठे होते ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

एका सोमवारी तिसऱ्या तासाला सरांना ऑफिसात बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांच्या खुर्चीत पिकल्या केसांचा एक साहेब बसला होता, बाजूला मान खाली घालून लिहिणारा एक तरुण, आणि टेबलावर आठवीच्या अडतीस चित्रवह्या. साहेब फार अदबीने बोलला. त्यालाही कलेची आवड होती म्हणे. सरांनी एकेक झाड जरा समजावून सांगावं, एवढीच विनंती.

पहिल्या आठ वह्या सरांनी कशाबशा निभावल्या. नववी वही पहिल्या बाकावर बसून पेन्सिल चावणाऱ्या मुलीची होती. तिचा बाप गिरणीत फिटर, दोन महिने बेपत्ता. तिच्या झाडाला ढोली होती आणि ढोलीत एक मोठा पक्षी, पंख मिटून बसलेला. आठवड्यापूर्वी सरांनीच त्या पानावर लाल पेनाने 'छान' लिहिलं होतं. तेव्हा त्यांचं लक्ष फक्त रेषेकडे होतं.

"ढोली म्हणजे आजारपण," सर म्हणाले. "हिच्या आईचं पोट दुखतं. पक्षी काय, उगाच शोभेला."

साहेबाने मान डोलावली. तरुणाचं पेन मात्र थांबलं. त्याने वर पाहिलं तेव्हा सरांना त्याच्या भुवईवरचा व्रण ओळखू आला. वीसेक वर्षांपूर्वीची आठवी, खिडकीजवळचा बाक.

"सर," तो हळूच म्हणाला, "शोभेला काही काढायचं नाही, असं तुम्हीच सांगायचात."

सरांनी घाईने ती वही मिटली आणि दहावी पुढे ओढली. साहेब उरलेल्या वह्या न उघडताच उठला. सरांना शाळा सुटेपर्यंत तिथेच बसवून ठेवलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

फिटर माळ्यावर सापडला, पाण्याच्या टाकीमागे.

मुलगी चौथ्या दिवशी शाळेत आली आणि सरांकडे तिने एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी सर तिच्या आईकडे गेले. आईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. सरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली.

सरांनी हो म्हटलं.

"मग ते नीट बोलायला शिकायचं होतं." तिने दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात साहेबाच्या कचेरीतून पत्र आलं. आसपासच्या पाच शाळांच्या चित्रवह्या दर सोमवारी सरांकडे तपासायला येणार होत्या, आणि मदतीला तोच तरुण. पत्रात सरांना 'तज्ज्ञ' म्हटलं होतं. वह्या घ्याव्यात आणि खोटं सांगत राहावं, असं सरांच्या मनात दोन दिवस घोळत राहिलं. पण त्या तरुणासमोर खोटं टिकणार नव्हतं. त्यांनी नकार लिहिला, दोन ओळींचा, आणि वर्गात मुलांना झाडाऐवजी बादली काढायला लावली.

सोमवारी सकाळी बायकोने न विचारताच पिशवी भरली. स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या, जुना चष्मा. दोघं पुढच्या खोलीत समोरासमोर बसले. कोपऱ्यावर गाडी वळली, हळू झाली, आणि दारापाशी थांबली. सर उठायला लागले.

"बसा हो," बायको म्हणाली. "चहा संपवा आधी. त्यांना वाजवू दे दार."